न उकळलेली बारा पोती

तपासनीस बाई नवव्या थप्पीपाशी गुडघे टेकून बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत, तेव्हा सूनबाई परात घेऊनच दारात आली.

एरवी बाई महिन्याकाठी यायच्या, दोनचार पोत्यांत पोकळ सळई खुपसून मूठभर गहू काढायच्या, तळहातावर पसरून फुंकर मारायच्या, वहीत सही करायच्या आणि चहा घेऊन निघायच्या. कोठारात कधी काही सापडायचंच नाही. सापडणार कसं? राखणदार आबा होते. गावातली चाळीस घरं आपापलं पुढच्या पेरणीचं बी आबांच्या हवाली करायची, कारण घरी ठेवलं की कोणाच्या बियाला उंदीर लागायचा, कोणाच्या बियाला ओल लागायची आणि कोणाच्या बियाला घरच्यांचीच भूक. अडतीस वर्षं आबांनी ते सांभाळलं होतं. कोठाराला लागूनच दोन खोल्या होत्या, तिथं आबा, त्यांचा मुलगा आणि सूनबाई राहायचे. मुलगा दुसऱ्यांच्या शेतात ट्रॅक्टर चालवायचा. कोठारातलं चाळणं, निवडणं, झाडणं सूनबाईकडे होतं.

आबांचा कायदा एकच. बाहेरचं पोतं उकळल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. अंगणात त्यासाठी एक भलीमोठी काहील चुलीवर कायमची बसवलेली होती. पोतं तासभर उकळायचं, मग तीन दिवस तापल्या फरशीवर उलटसुलट वाळवायचं. गावातले लोक चेष्टा करायचे, "आबा जावयालासुद्धा उकळूनच घरात घेतील." आबांना मुलगी नव्हती म्हणून जावई वाचला.

"आबा, इकडे या," बाई म्हणाल्या. "हे काय आहे?"

आबा वाकले. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन गेल्या सुगीत झालं होतं, पण उजवा डोळा काही साफ झाला नव्हता. "कोंडा दिसतोय."

"कोंडा नाही, काती आहेत. वाढताना अळी कात टाकते ना, त्या. आणि केसाळ आहेत."

आबांनी हातानं थप्पीचा आधार घेतला आणि तो हात तिथंच राहिला. सूनबाई दारात परात घेऊन उभी होती. तिला काती दिसत नव्हत्या, पण तळाच्या पोत्याच्या शिवणीवरचा निळा पट्टा दिसत होता, आणि तो तिच्या चांगलाच ओळखीचा होता.

गेल्या सुगीत आबा डोळ्यांना पट्टी बांधून इस्पितळात होते. गहू आला भरमसाट आणि पोती पडली तीस कमी. सूनबाईचा भाऊ बंदरावरच्या धान्याच्या धक्क्यावर हमाल होता. त्यानं जहाजातून रिकामी झालेली तीस पोती पाठवली, निळ्या पट्ट्याची, चांगली दणकट. सूनबाईनं अठरा उकळली. मग पावसाची भुरभुर सुरू झाली, सरपण भिजलं, चूल नुसती धुमसायला लागली. दारात गाड्यांची रांग, जो तो म्हणतोय, वहिनी, आटपा. उरलेली बारा पोती तिनं उलटी करून भिंतीवर दणादण आपटली आणि भरायला दिली. आबा परत आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "उकळली होतीस ना सगळी?" ती म्हणाली, "हो." एवढंच. त्या 'हो'चं पुढं असं काही होईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

बाहेर अंगणात बाईंनी खुर्चीवर बसून घाम पुसला. त्या तरुण होत्या, शिकलेल्या होत्या आणि त्यांनाही भीती वाटत होती, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"आबा, हा खापरा भुंगेरा असेल तर कायदा फार कडक आहे. कोठारातला दाणा न् दाणा जाळायचा. भिंतींचा गिलावा विटेपर्यंत उतरवायचा. औषध मारून भागत नाही, कारण तो फटीत जाऊन बसतो आणि खायला नसलं तरी वर्षानुवर्षं मरत नाही. खापरा नसेल, त्याचा एखादा भाऊबंद असेल, तर धुरी दिली, ऊन दाखवलं, झालं."

"मग बघा ना त्या भिंगातून, कोण आहे ते."

"अळी असताना सगळे सारखेच दिसतात हो. भलेभले चुकतात. शहरात प्रयोगशाळेत पाठवायला हवं. तिथं अळी वाटून तिच्यातलं जनुक काढतात आणि मशीनवर वाचतात. प्रत्येक किड्याची त्यात खूण असते. ती काही लपवता येत नाही."

"म्हणजे किड्याचं कूळ-मूळ बघायचं."

"तसंच समजा." बाईंनी पिशवीतून बोटाएवढी काचेची बाटली काढली. आत स्पिरिट होतं. "नुसत्या कातीत नीट मिळत नाही. आख्ख्या अळ्या पाहिजेत, दहा. तुम्ही तेवढ्या यात भरा, तोवर मी पंचनामा लिहिते. मग दार सील करू. साडेचारची गाडी चुकली तर दोन दिवस जातील."

आबांनी बाटली डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. शेवटी त्यांनी ती सुनेपुढं केली. "तू भर. मला त्या दिसायच्या नाहीत."

सूनबाई बॅटरी घेऊन आत गेली. नवव्या थप्पीच्या तळाशी बसून तिनं शिवण बोटांनी उकलली. शिवणीच्या आत त्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. तपकिरी, केसाळ, शेपटाला केसांचा झुबका. उजेड पडताच हळूहळू हलायला लागल्या. तिनं दुसरं पोतं पाहिलं, तिसरं पाहिलं. न उकळलेली बारा पोती याच थप्पीत लागली होती; निळा पट्टा असेल तिथं त्या होत्या.

अडतीस वर्षं. चाळीस घरं. माझं एक 'हो'. अंगणातून बाईंचा आवाज आला, "भरल्या का?" आणि तिची बुद्धी फिरली ती तेव्हा. कोठारातून त्यांच्या खोलीत उघडणारं एक आतलं दार होतं. ती खोलीत गेली आणि पलंगाखालची पेटी ओढली. पेटीत तिच्या आईचं जुनं लोकरीचं कांबळं होतं. आठवड्यापूर्वीच ते उन्हात टाकायचं म्हणून तिनं उघडलं होतं, तेव्हा त्याच्या घडीत अशाच केसाळ अळ्या दिसल्या होत्या. तपकिरी, शेपटाला झुबका. कांबळ्यातल्या किड्यावर कोणी बंदी घातल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. तिनं चिमटीनं दहा अळ्या उचलल्या, मोजून, आणि बाटलीत टाकल्या. स्पिरिटमध्ये त्या क्षणभर वळवळल्या आणि तळाला गेल्या.

बाईंनी बाटली हलवून पाहिली, चिठ्ठी चिकटवली, डब्यात ठेवली. मग कोठाराच्या बाहेरच्या आणि आतल्या दाराला कापडी पट्ट्या बांधून त्यांच्यावर लाख ओतली. "नऊ दिवस. तोवर कोणी आत जायचं नाही. कोणी म्हणजे कोणीच."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव अंगणात लोटलं. पेरणी पंधरा दिवसांवर आली होती. पाऊस उघडला होता, जमिनी निथळत होत्या आणि जो तो रोज सकाळी शेतात जाऊन मातीचा गोळा करून बघत होता. वापसा आला, माती पेरणीजोगी झाली आणि बी कुलपात, असं व्हायला नको होतं. सगळ्यांत मोठा आवाज होता करवत्याचा. तो सुतारकी करायचा आणि शेतीही. हातातली करवत बरी, पण त्याची जीभ नको, म्हणून हे नाव. ते त्याच्या तोंडावर घ्यायची कोणाची छाती नव्हती.

"आबा, किड्याचं कूळ बघायला शहरात धाडलंय म्हणे! पोरीच्या लग्नाच्या वेळी मी एवढी चौकशी केली नव्हती. केली असती तर बरं झालं असतं."

लोक हसले. आबाही हसले, पण उशिरा हसले.

"डोळे गेले होते तर किल्ली सोडायची होती," करवत्या पुढं म्हणाला, आणि मग कोणी हसलं नाही.

आबांनी मान खाली घातली. सूनबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिची भाकरी परातीतच फाटली. तिनं ती पुन्हा गोळा केली, पुन्हा थापली, पुन्हा फाटली.

त्या दिवसापासून तिच्या हातांना खाज सुटली. अळ्यांचे केस बारीक असतात, कातडीत रुततात. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं. ती खोबरेल लावायची, राख चोळायची, रात्री बाहीच्या आत हात घालून झोपायची. बायका पाणी भरताना विचारायच्या, "हे काय गं उठलंय?" ती म्हणायची, "घाम." चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. सगळं गाव आपल्या मनगटांकडेच बघतंय, असं तिला वाटायचं.

सीलबंद दाराला ती रोज कान लावायची. अळी काही आवाज करत नाही, हे तिला कळत होतं. तरी आत कुरतडल्यासारखं ऐकू यायचं.

पाचव्या दिवशी दुपारी आबा ओट्यावर बसले होते. पुढ्यातलं ताट तसंच होतं. सूनबाई म्हणाली, "दोन घास तरी खा."

"तू बस जरा." त्यांनी तिला बसवलं. "मी खापरा पाहिलाय. तुझ्या नवऱ्याच्या वयाचा होतो तेव्हा. माझ्या मामाच्या गावी असंच कोठार होतं. कीड आली असं कळलं, आणि लोकांनी काय केलं? कोठार जाळतील म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापली पोती घरी नेली. पळवलं म्हणून खूश. दुसऱ्या वर्षी बायकांनी कणग्या उघडल्या. पोतं उचललं तर हलकं, आत नुसतं पीठ आणि काती. तेच दळलं, तेच खाल्लं, करतात काय? लहान पोरांच्या आतड्यांत ते केस जायचे. माझ्या मामेबहिणीची पोर गेली त्यात, दीड वर्षाची. कोठारात होता तोवर तो एका खोलीत होता गं. मग तो घराघरांत गेला, भिंतीभिंतींत गेला. शेवटी गावच उठलं."

सूनबाईनं बाही मनगटावर ओढली.

"आता मला वाटतंय," आबा म्हणाले, "मीच कुठंतरी चुकलो. पोती तर तू सगळी उकळली होतीस. मग आला कुठून? महिनाभरापूर्वी मला त्या थप्पीपाशी काहीतरी दिसलं होतं. मला वाटलं, डोळ्यापुढंच तरळतंय. झटकून दिलं. डोळ्यांनी दगा दिला बघ."

आताच सांगावं, असं तिला वाटलं. शब्द ओठांवर आले होते. पण आबांचं ते न शिवलेलं ताट, त्यांचं 'तू सगळी उकळली होतीस', आणि शहरात निघून गेलेली ती बाटली! आता सांगायचं म्हणजे दोन पापं सांगायची. ती ताट उचलून आत गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मनातल्या मनात तिनं हिशेब मांडला. मशीन सांगेल, हा तो नाही. दार उघडेल. आपण पहाटे उठू, ती बारा पोती बाजूला काढू, उकळू, जाळू, काहीतरी करू. सगळं निभावेल. भ्यालेल्या माणसाला आपल्याच गोष्टी लवकर पटतात.

नवव्या दिवशी सकाळी तपासनीस बाई आल्या. गावाला कुणकुण आधीच लागली होती. अंगणापासून रस्त्यापर्यंत बैलगाड्या आणि ट्रॉल्या उभ्या होत्या. वापसा आला होता. पहाटे ज्यानं त्यानं मातीचा गोळा करून पाहिला होता, तो हातातून सुटला की नीट फुटत होता. चार दिवस हातात होते, फार तर पाच.

बाईंनी कागद उघडला. "दहाच्या दहा अळ्या एकाच जातीच्या निघाल्या. खापरा नाही."

असा काही गलका झाला की बैल बुजले. कोणी टोप्या उडवल्या, कोणी आबांना मिठी मारली. आबा मटकन ओट्यावर बसले आणि डोळे पुसायला लागले. सूनबाईच्या छातीवरून मोठा धोंडा उतरला. पण तो जेमतेम एका श्वासापुरता.

"पण गंमत आहे," बाई कागदात बघत म्हणाल्या. "हा लोकर खाणारा किडा आहे म्हणे. लोकर, केस, कातडं. गव्हाला तोंड लावत नाही. आबा, कोठारात लोकर कुठं आहे?"

त्या मशीननं शंभर कोसांवर बसून सूनबाईच्या पलंगाखालची पेटी उघडली होती. तिच्या आईचं कांबळं उलगडलं होतं. एवढीशी अळी, तीही मेलेली, आणि तिनं आपण कुठली ते बरोबर सांगितलं होतं.

"लोकर?" आबा गोंधळले. "इथं कसली लोकर?"

"अहो बाई," करवत्या गाडीवरून ओरडला, "खापरा नाही ना? मग आता त्या किड्याचे सोयरेधायरे कशाला शोधता? जमीन वाळतेय तिकडे!"

बाईंनी एकदा कोठाराकडं पाहिलं, एकदा लोकांकडं. त्यांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. पण कागद कागद असतो. त्यांनी कात्री काढली आणि पट्टी कापली.

लोक आत घुसले. सूनबाई त्यांच्या मागं धावली. "नववी थप्पी राहू द्या," ती म्हणाली, "ती मी नंतर..." तिचं कोण ऐकतंय! शेवटी रचलेली म्हणून दारातून शिरलं की पहिली लागायची ती नववीच. करवत्याचं बी तिच्यातच होतं. त्यानं आणि त्याच्या भावानं बघता बघता सहा पोती खांद्यावरून गाडीत टाकली. त्यातल्या चारांना निळा पट्टा होता.

करवत्या सहावं पोतं टाकून वळला तेव्हा एक अळी त्याच्या मानेवर होती. घामेजल्या मानेवर, कॉलरच्या वर, हळूहळू कानाकडं चालली होती. त्यानं न बघता हात मारला. ती गाडीत पडली, पोत्यांच्या फटीत. त्यानं कासरा ओढला. "चल रे!"

गाडीची चाकं फिरली. सूनबाईला पुढं काही दिसेना. दीड वर्षाची ती कधी न पाहिलेली पोर दिसली. आपल्या पायांनी आपण पुढं गेलो, हेही तिला नंतर आठवलं नाही. तिनं बैलाची वेसण धरली.

"वहिनी, बाजूला व्हा."

"थांबा."

"अहो, बैल दुखावेल. सोडा!"

"ती अळी माझ्या कांबळ्यातली होती," ती म्हणाली.

कोणाला काही कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, आणि आवाज मध्येच चिरकला. "बाटलीत भरली ती कोठारातली नव्हती. माझ्या पेटीतल्या कांबळ्यातली होती. कोठारातल्या आतच आहेत. त्या तुमच्या गाडीत आहेत."

बाई पुढं आल्या. त्यांनी गाडीतलं एक निळ्या पट्ट्याचं पोतं ओढलं आणि कात्रीनं शिवण उसवली. शिवणीतून त्या गळाल्या, गाडीच्या फळीवर पडल्या, पसरल्या. करवत्या उडी मारून खाली उतरला आणि मान, खांदे, छाती वेड्यासारखा झटकायला लागला.

बाईंनी चारही पोती उसवून अळ्या मोजल्या. अठ्ठावीस.

मग तोंडं सुटली. सूनबाई वेसण धरूनच उभी होती, ती सोडायचंही तिला सुचलं नाही. "चाळीस घरांच्या अन्नात माती कालवलीस!" "नऊ दिवस फुकट गेले!" "आबांचं नाव मातीत घातलं हिनं!" करवत्या सगळ्यांच्या वर ओरडला, "आबांनी पोती उकळण्याआधी हिला उकळायला पाहिजे होतं!" आणि त्याही अवस्थेत कोणीतरी हसलं. त्या हसण्यानं ती आतपर्यंत पोळली. तिच्या नवऱ्यानं ते ऐकलं. तो गर्दीच्या मागं उभा होता. तो वळला आणि शेताच्या वाटेनं चालता झाला.

बाईंनी सगळी पोती परत आत टाकायला लावली, गाडी उन्हात उलटी करून झाडून घेतली. मग नवी बाटली काढून सूनबाईच्या हातात दिली. "आता माझ्यासमोर भरायच्या. सगळ्यांसमोर."

ती गुडघ्यांवर बसली. हात इतका कापत होता की चिमटीत अळी धरवेना, धरली की निसटायची. लोक डोक्यावर उभे होते. तेवढ्यात कोणीतरी शेजारी बसलं आणि तिचं मनगट घट्ट धरलं. आबा होते.

"किती पोती होती न उकळलेली?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"बारा."

"मला का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"माझी?"

तिनं पुढची अळी चिमटीत धरली. आबांनी ते पुन्हा विचारलं नाही. पण दहा अळ्या भरून होईपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.

या वेळी निकाल सहा दिवसांत आला. खापराच होता.

पुढचं सगळं कायद्यानं झालं. पडीक जमिनीत खड्डा खणला. ज्यानं त्यानं आपलं बी आपल्या हातानं त्यात ओतायचं होतं. बायका ओतताना रडत होत्या आणि सूनबाई जवळ आली की रडं थांबवून दुसरीकडं बघत होत्या. गहू जळायला दोन दिवस लागले आणि त्याचा खरपूस वास गावभर भरून राहिला, जसं काही मोठं जेवण शिजतंय. वापसा तर केव्हाच गेला होता. सरकारी बी आलं ते अर्धं, आणि कुठल्यातरी परक्या जातीचं. लोकांनी कोरड्यात पेरलं आणि पाटाच्या पाण्यावर भरवसा ठेवला. सोसायटीच्या चेअरमननं आबांकडून किल्ली मागून घेतली. आबांनी ती धोतराच्या सोग्यानं पुसून दिली. खोल्या मात्र भिंती खरवडून होईपर्यंत राहू दिल्या, कारण त्या भिंती खरवडायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

बाईंनी वरच्या कचेरीत सूनबाईच्या नावानं अहवाल पाठवला. तो पाठवल्याचं त्यांनी तिला स्वतः येऊन सांगितलं. "मला लिहावं लागलं," त्या म्हणाल्या. "मीही डोळे उघडे ठेवून ती पट्टी कापली, तेही लिहिलंय." मग त्यांनी चाळीसच्या चाळीस घरं तपासली. कणग्या, डबे, पोती, भिंतींच्या फटी, पाळण्याखालच्या चटया. चार दिवस लागले. एकाही घरात अळी सापडली नाही. बाईंनी हे चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकून लोक आपापल्या घरी गेले.

नवरा आठ दिवस बोलला नव्हता. नवव्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "मला तरी सांगायचंस." ती म्हणाली, "तुलाही भीती वाटली असती." तो म्हणाला, "वाटली असती." आणि त्यानं ताटात आणखी आमटी वाढून घेतली.

कोठार आता रिकामं होतं आणि त्यात बोललं की आवाज घुमायचा. सूनबाई आणि आबा सकाळपासून संध्याकाळपर्यंत गिलावा उतरवायचे. नवरा कामावरून आला की विटांच्या सांध्यांवरून स्टोव्हची ज्योत फिरवायचा. तोंडाला फडकी बांधलेली, केसांत चुना, डोळ्यांत चुना. सूनबाईच्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. गिलाव्याचा पोपडा पडला की दरवेळी ती आधी मागची वीट बघायची. मागं काय बसलं असेल, काय वळवळेल! रस्त्यानं लोक जायचे, आत एक नजर टाकायचे आणि पुढं व्हायचे. तिला त्यांच्या नजरा पाठीवर मोजता यायच्या.

पाचव्या दिवशी दारात सावली पडली. सूनबाईनं वळून पाहिलं. करवत्या होता. त्याच्या हातात पटाशी आणि हातोडा होता. आता हा काय बोलतो, काय करतो, म्हणून ती भिंतीला टेकली. आबाही शिडीवर थांबले.

तो सरळ आत आला. समोरच्या भिंतीपाशी गेला, तोंडाला रुमाल बांधला आणि पटाशी लावून ठोकायला सुरुवात केली. सुताराचा हात, गिलाव्याचे मोठे मोठे पापुद्रे पडायला लागले.

मग तो मान न वळवता म्हणाला, "माझ्या गाडीत अठ्ठावीस होत्या ना?"

"हो."

"उसवलेल्या चार पोत्यांत."

"हो. आणखी एक तुमच्या मानेवर होती."

त्याचा हातोडा थांबला. "माझ्या घरी," तो म्हणाला, "दाराशीच वर्षाचं धान्य आहे. बाजूला नातवाचा पाळणा."

तिनं मान हलवली. त्याची पाठ होती, त्याला ते दिसलं नाही. त्यानं पटाशी पुन्हा भिंतीला लावली.

"इथं कुठवर खरवडायचं?" त्यानं विचारलं.

"विटेपर्यंत," सूनबाई म्हणाली.